बत्ती गेल्यावर घराचा अमीर कोण?

निफाड तालुक्यात राहणाऱ्या माणसाला थंडीचे कौतुक कोणी सांगू नये. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याची बातमी राज्यभर छापून येते आणि मुंबई-पुण्याचे नातेवाईक फोन करून "काय, बर्फ पडला का?" असे विचारतात. आम्ही हसतो. पण ज्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर उतरतो, त्या पहाटे द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर दिसतो, मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार अंधारातच ठिबक सुरू करतात, आणि आमच्यासारखी नोकरदार माणसे फजरच्या वुजूसाठी गीझरच्या लाल दिव्याकडे डोळे लावून उभी राहतात.

तीन हिवाळ्यांपूर्वी तो लाल दिवा सलग तीन दिवस लागला नाही. जानेवारी महिना होता. गल्लीच्या टोकाचा डीपी मगरिबच्या सुमारास मोठा आवाज करून जळाला. नवा डीपी ट्रॅक्टरवरून येऊन बसेपर्यंत तीन रात्री गेल्या. रब्बीच्या दिवसांत डीपी जळणे आमच्याकडे नवलाचे नाही, त्यामुळे पहिल्या रात्री आम्ही निर्धास्त होतो. घरात इन्व्हर्टर आहे, तासा-दोन तासांत लाइट येईल, असा आमचा हिशोब.

इन्व्हर्टरने चाळीस मिनिटांत मान टाकली. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर शेवटचे कधी टाकले, हे आम्हा नवरा-बायकोपैकी कोणालाच आठवेना. वरची टाकीही रिकामी, कारण मोटार आम्ही रात्री जेवणानंतर लावत असू. मोबाइल एकाचा बारा टक्क्यांवर, दुसऱ्याचा त्याहून कमी. टॉर्च होती, पण कुठे आहे हे शोधायला टॉर्च हवी होती. मेणबत्तीच्या उजेडात सकाळची खिचडी गरम करून खाल्ली आणि मुलांना झोपवले. आमच्या घरी त्या वेळी आम्ही सहाजण होतो: आम्ही दोघे, दम्याचा आणि साखरेचा त्रास असलेल्या शहात्तर वर्षांच्या अम्मी, आठवीतली थोरली, सहावीतला मधला आणि चार वर्षांची धाकटी.

खरी हकीकत दुसऱ्या रात्रीची आहे.

त्या दिवशी सकाळपासून अम्मींच्या छातीत घरघर होती. नेब्युलायझर विजेवरचा, तो बंद. हातपाय थंडगार. इशानंतर त्या म्हणाल्या, "माळ्यावरची शेगडी काढा रे. तुम्हा चारही भावंडांच्या वेळी बाळंतपणात माझ्या खाटेखाली शेगडी असायची. कोणाला काय झालं?"

शेगडी होतीच. बकरी ईदला सीख कबाब भाजायला आम्ही ती काढतो, कोळशाचे अर्धे पोतेही शिल्लक होते. आम्ही स्वतःला सावध समजणारी माणसे. म्हणून गच्चीवर नेऊन कोळसे पेटवले, धूर पूर्ण जाईपर्यंत वारा घातला, आणि निखारे लालबुंद झाल्यावरच शेगडी अम्मींच्या खोलीत आणून ठेवली. थंड हवा येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या. दाराखालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी करून सारली. अम्मींनी निखाऱ्यांवर चिमूटभर लोबान टाकले. धाकटी दादीच्या कुशीत, थोरली पायथ्याशी टॉर्च घेऊन शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे पुस्तक वाचत बसलेली. दार लावताना आम्ही वळून पाहिले, तर खोली इतकी सुखाची दिसत होती की आम्हालाही तिथेच झोपावेसे वाटले. जागा नव्हती म्हणून शेजारच्या खोलीत मधल्याजवळ गेलो.

पावणेदोनच्या सुमारास काहीतरी पडल्याचा आवाज आला. थोरली दारात पडली होती. तिला उलटी झाली होती. "डोकं फुटतंय," एवढेच ती म्हणाली. आम्हाला वाटले, शिळी खिचडी बाधली असेल, किंवा टॉर्चच्या उजेडात वाचून डोके चढले असेल. कोरोनाच्या दिवसांत घेतलेले ऑक्सिमीटर कपाटात होते. ते तिच्या बोटाला लावले. आकडा आला 98. आम्ही निःश्वास सोडला, तिला घोटभर पाणी पाजले आणि परत त्याच खोलीत, त्याच बिछान्यावर निजवायला निघालो.

तिला जागा करण्यासाठी धाकटीला उचलले. ती पोर एरवी भांड्याच्या आवाजानेही जागी होते. त्या वेळी तिची मान आमच्या हातावर तशीच लोंबली. अम्मींना हाक मारली, हलवले, त्या काहीतरी पुटपुटल्या आणि पुन्हा गप्प झाल्या.

त्याच क्षणी आम्हाला उतारा आठवला. दोनच महिन्यांपूर्वी चाचणी परीक्षेत मराठीच्या पेपरात आम्ही एक न पाहिलेला उतारा दिला होता. गॅस गीझर लावलेल्या बंद न्हाणीघरात माणसे कशी दगावतात, त्याविषयीचा. त्यावर पाच प्रश्न होते. तिसरा प्रश्न होता, 'हा वायू माणसाला ओळखता का येत नाही?' उत्तर: त्याला रंग नाही, वास नाही. चाळीस पेपर आम्ही लाल पेनाने तपासले होते, आणि ज्यांनी फक्त 'रंग नाही' एवढेच लिहिले त्यांचा अर्धा गुण कापला होता.

खिडक्या कशा उघडल्या, तिघींना उचलून बाहेरच्या ओट्यावर कसे आणले, हे नीट सांगता येणार नाही. गल्लीतल्या काकांची कांदा वाहायची पिकअप होती. काका अंगात बनियन असतानाच गाडी काढायला धावले. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघायच्या आधी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" तिघींना मास्क लावून ऑक्सिजन सुरू झाला. जोहरच्या वेळेपर्यंत तिघी उठून बसल्या. धाकटीने बिस्कीट मागितले. अल्हम्दुलिल्लाह.

डॉक्टरांनी नंतर जे समजावले ते प्रत्येक घराला माहीत असावे, म्हणून इथे लिहितो. निखारे लाल झाले म्हणजे धूर संपतो, विष संपत नाही. कोळसा जळत असेपर्यंत कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून ठेवते, त्यामुळे श्वास चालू असतो पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, गळून जायला होते, झोप येते. माणसाला वाटते सर्दी आहे, थकवा आहे. आणि ऑक्सिमीटर? बोटाला लावायचे साधे यंत्र या दोन वायूंनी भरलेल्या रक्तातला फरक ओळखू शकत नाही. ते खुशाल 98 दाखवते. त्या आकड्यावर विसंबून आम्ही आमच्या मुलीला परत त्याच खोलीत नेत होतो. आजही तो आकडा कुठे दिसला की पोटात गोळा येतो.

आम्ही डॉक्टरांना विचारले, खिडकी थोडी उघडी ठेवली असती तर चालले असते का? ते म्हणाले, "झोपायच्या खोलीत शेगडी नाहीच. किती उघडी म्हणजे पुरेशी, हे झोपलेला माणूस कसा ठरवणार?"

मुली चार दिवसांत हुंदडू लागल्या. अम्मी मात्र बदलल्या. त्यांनी मत देणेच सोडले. भाजी काय करू विचारले तर "तुम्हाला हवी ती करा." एके दिवशी शाळेतून आलो तर शेगडी जागेवर नव्हती, त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकली होती. थोरलीजवळ त्या म्हणाल्याचे नंतर कळले, "बेटा, मी तुम्हा दोघींना मारलंच होतं."

हे आम्हाला शेगडीपेक्षा जड गेले. कारण चूक त्यांची नव्हती. त्या ज्या घराबद्दल बोलत होत्या ते अब्बांच्या वेळचे कौलारू घर होते. कौलांमधून चांदणे दिसायचे, दाराच्या फळ्यांमधून वारा यायचा, भिंत आणि छपराच्या मधे हाताएवढी मोकळी जागा होती. बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी त्या घरात निभावून जायची, तीही कोणीतरी बाई रात्रभर जागी बसलेली असताना. ते घर पाडून स्लॅबचे आम्ही बांधले. घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या आम्ही लावल्या. दाराखाली टॉवेल आम्ही सारला. शेगडी तीच होती, घर बदलले होते, आणि बी.एड. झालेली माणसे घरात आम्हीच होतो.

मग अम्मींना दोष न देता चूक काय झाली ते कसे सांगावे? जुम्म्याला आम्ही ही गोष्ट आमच्या इमामसाहेबांच्या कानावर घातली. त्यांनी बुखारी शरीफमधला एक प्रसंग सांगितला. मदिन्यात एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवायला सांगितले. रात्री दार लावावे, भांडी झाकावीत, पखालीचे तोंड बांधावे, दिवा मालवावा, हेही त्यांनीच शिकवले. उंदीर वात ओढून घर पेटवू शकतो, इतक्या बारकाईने.

आम्ही घरी येऊन अम्मींना हे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दार लावते, हंड्यावर झाकण ठेवते, बिस्मिल्लाह म्हणते. चिमणी होती तेव्हा चिमणीही विझवायचे. सगळं आयुष्यभर केलं. शेगडी पण आगच आहे, हे मात्र कधी मनात आलं नाही." आणि मग पहिल्यांदाच, त्या प्रसंगानंतर, थोड्या हसून म्हणाल्या, "तुमच्याही मनात आलं नाही ना?"

नाही आले. किंवा आले असेल आणि बोललो नाही. थोरलीनेच हे नंतर उघड केले. शेगडी आत आणताना तिला शाळेतला धडा आठवला होता. "मग बोलली का नाहीस?" आम्ही विचारले. ती म्हणाली, "दादीने सांगितलं होतं. आणि तुम्ही दोघांनी आणली होती. मी कशी बोलू?"

आमच्यासारख्या घरांत मोठ्यांसमोर नाही म्हणायची रीत नाही. आम्हीच मुलांना तसे वाढवले. टॉर्च, बॅटरी, पाणी या सगळ्याची तयारी पैसे खर्चून होते. पण धोका दिसत असताना लहान माणसाने मोठ्याला थांबवावे, याची तयारी बाजारात मिळत नाही. तोडगा अखेर अम्मींनीच काढला. प्रवासात तिघेजण असले तरी त्यांतल्या एकाला अमीर नेमावे, अशी हदीस आहे. अम्मी म्हणाल्या, "बत्ती गेली की तोही सफरच समजा. एक अमीर नेमा. त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. माझ्यासकट." आणि अमीर म्हणून त्यांनी थोरलीचे नाव घेतले.

आम्हाला आधी गंमत वाटली. पण थोरलीने वही काढली आणि दोन दिवसांत आमची उलटतपासणी घेतली. बॅटरीचे पाणी कोण बघणार? दर महिन्याच्या एक तारखेला मधला, आणि पातळी कमी असेल तर त्याने हात न लावता अब्बूंना सांगायचे, कारण आत तेजाब असते. मोटार कधी लावायची? रात्री नाही, असरच्या आधी, म्हणजे मगरिबला लाइट गेली तरी टाकी भरलेली. पिण्याचे पाणी वेगळे, दोन कळश्या कायम झाकून. टॉर्च कुठे? मुख्य दाराच्या उजवीकडे खिळ्याला, आणि तिथून ती कोणत्याही कारणाने हलवायची नाही. (हा नियम पहिल्याच आठवड्यात आम्ही मोडला आणि सर्वांदेखत बोलणी खाल्ली.) मेणबत्त्या तिने घरातून काढूनच टाकल्या. धाकटीच्या ओढणीची लांबी आणि मेणबत्तीची उंची तिने एकदा शेजारी धरून दाखवली, तेवढे पुरले.

फोन नंबर कागदावर हवेत, हे मधल्याने सुचवले. फोन बंद पडला की आपल्याला कोणाचाच नंबर पाठ नसतो, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. आता स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद चिकटवला आहे. वीज तक्रारीचा 1912, रुग्णवाहिकेचा 108, डॉक्टर, पिकअपवाले काका, वायरमन, मामू. डाव्या बाजूला मराठीत आणि उजवीकडे अम्मींसाठी उर्दूत.

अम्मींच्या औषधांचे आम्ही डॉक्टरांना विचारून ठरवले. नेब्युलायझर बंद पडला तर हाताने वापरायचा पंप आणि त्याला लावायची स्पेसरची नळी घेतली, आणि ती कशी वापरायची हे घरातल्या प्रत्येकाने शिकून घेतले. घरात एकालाच येत असेल तर तो नेमका त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो. फ्रिज बंद झाला तर इन्सुलिनचे काय, ही चिंता होती. डॉक्टर म्हणाले, वापरात असलेले पेन साधारण चार आठवडे घरच्या तापमानाला चालते. उन्हाळ्यात जपावे लागते, हिवाळ्यात ते सोपे आहे. थंडीची तेवढीच एक मेहेरबानी.

ऊब कशी मिळवायची हा मूळ प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर इतके साधे निघाले की शरम वाटली. सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचे. दक्षिणेकडची लहान खोली, दिवसभर ऊन खाणारी. जमिनीवर आधी चटई, मग सतरंजी, मग गाद्या. कारण थंडी वरून जेवढी येते तेवढीच फरशीतून येते. जाड रजईच्या आत अम्मींनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या गोधड्या. एका जाड पांघरुणापेक्षा दोन-तीन पातळ पांघरुणे जास्त ऊब देतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते म्हणून. कानटोप्या, मोजे. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी. सहा माणसांच्या अंगाची ऊब ही केवढी असते, ते आम्हाला त्याआधी कधी मोजावेसे वाटले नव्हते. ज्याच्या त्याच्या खोल्या करून दिल्या होत्या ना!

वुजूचे पाणी हा अम्मींचा हट्टाचा विषय. त्या तीन दिवसांत त्यांनी फजरला बर्फासारख्या पाण्याने वुजू केला होता आणि दमा तिथूनच उसळला होता. आम्ही इमामसाहेबांना विचारले. त्यांनी हजरत अम्र बिन आस (रजि.) यांची हकीकत सांगितली: एका मोहिमेत कडाक्याच्या थंडीच्या रात्री त्यांना गुस्लची गरज पडली, जिवाला अपाय होईल या भीतीने त्यांनी तयम्मुम करून नमाज पढवली, आणि हे कळल्यावर प्रेषित (स.) हसले, रागावले नाहीत. ऐकून आम्ही खूश झालो, म्हणजे अम्मींना तयम्मुम सांगू या. तर इमामसाहेब म्हणाले, "तुमच्या घरी गॅस आहे ना? मग पाणी तापवा आणि त्यांना द्या. सवलत ज्याला पाणी तापवता येत नाही त्याच्यासाठी आहे, ज्याला उठायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी नाही." आता लाइट गेली की झोपण्यापूर्वी मोठ्या थर्मासमध्ये उकळते पाणी भरले जाते. शिवाय अम्मींसाठी चामडी मोजे आणले. पूर्ण वुजू करून ते घातले की एक दिवस-रात्र त्यांच्यावर मसह करता येतो, पाय पुन्हा धुवावे लागत नाहीत.

गॅसची शेगडी स्वयंपाकापुरती. खोली गरम करायला तिचा वापर करायचा नाही. इंटरनेटवरून सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्मही मागवला आहे, भिंतीवर लावला आहे. पण थोरलीचा नियम असा की अलार्म आहे म्हणून आग चालेल असे कोणी म्हणायचे नाही.

सगळे वहीत लिहून झाल्यावर आम्हाला वाटले, झाली तयारी. थोरली म्हणाली, "शाळेत तुम्ही प्रिलिम घेता ना? मग घरी पण घ्या." म्हणून दर डिसेंबरात एका शनिवारी मगरिबला आम्ही मेन स्विच खाली करतो आणि फजरला वर करतो. पहिल्या वर्षी नापास झालो. टॉर्चमधले सेल पाझरून आतला भाग गंजला होता. थर्मासचे झाकण सापडेना. धाकटी अंधाराला घाबरून तासभर रडली. मग अम्मींनी तिला पोटाशी घेऊन त्यांच्या लहानपणच्या गावाच्या गोष्टी सांगितल्या, जिथे सगळ्याच रात्री अशा असत. त्या दिवसापासून धाकटी विचारते, "प्रिलिम कधी आहे?" दुसऱ्या वर्षी आम्ही पास झालो. मशिदीचा भोंगाही एकदा त्याच वेळी बंद असल्याने मुअज्जिनसाहेबांनी नुसत्या आवाजात दिलेली अजान आमच्या ओट्यावर स्पष्ट ऐकू आली. एवढी शांतता गल्लीत असते, हे कळायला मेन स्विच खाली करावा लागला.

या तालमीतून आणखी एक गोष्ट सुरू झाली. थोरलीने गल्लीतली घरे मोजली: विजेवर कोणाचा जीव आहे? दोन घरे निघाली. एका घरी तान्हे बाळ. दुसऱ्या घरी वयस्कर पती-पत्नी, आजोबा ऑक्सिजनच्या मशीनवर, मुलगा पुण्याला. मशीन बंद पडले तर लावायला सिलिंडर आहे, पण आजींना तो उघडता येत नव्हता. मधला जाऊन शिकून आला. कालवणात पाणी वाढवून शेजाऱ्याला द्यावे, ही शिकवण आपण सगळे ऐकतो. आजींकडे कालवणाची कमतरता नव्हती, मनगटात जोर हवा होता.

अजून एक विचार मनात असतो. रमजान आता थंडीकडे सरकतो आहे. 2026 मध्ये तो फेब्रुवारीत येतो, आणि 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा, एकाच वर्षात दोनदा. म्हणजे सहरीला उठायचे ते निफाडच्या ऐन थंडीत. ती पहाट विजेविना उगवली तर घरात काय असायला हवे, हे आत्ताच ठाऊक असलेले बरे.

गेल्या हिवाळ्यात खरोखरची परीक्षा झाली. रात्री नऊला लाइट गेली. थोरली आता अकरावीत आहे. खिळ्यावरची टॉर्च तिने उचलली आणि म्हणाली, "चला." फ्रिज आणि टीव्हीचे पिन काढले गेले, लाइट परतताना व्होल्टेज वरखाली होते म्हणून. मधला आजोबांकडे जाऊन सिलिंडर बघून आला. अम्मी म्हणाल्या, "मी माझ्याच खोलीत बरी, मला माझी खाट लागते." थोरली म्हणाली, "दादी, अमीर कोण?" अम्मी उशी काखेत मारून दक्षिणेच्या खोलीत आल्या. आम्ही स्वयंपाकघरात थर्मास भरत होतो. पाणी उकळले तरी ज्योत छान वाटत होती म्हणून हात शेकत तसेच उभे राहिलो. मागून आवाज आला, "अब्बू, अम्मी, गॅस बंद." आम्ही बंद केला. नाही म्हणायला थोडे लागलेच मनाला, वीस वर्षे वर्गात हुकूम सोडायची सवय आहे.

पहाटे चारच्या सुमारास फ्रिजच्या जागी लावलेला लहान दिवा पेटला. लाइट आली होती. आम्ही अर्धवट जागे होतो. गोधड्यांच्या ढिगातून अम्मींचा आवाज आला, हलका, कोणी उठू नये अशा बेताचा:

"अमीरसाहेबा, गीझर लावू का?"

पलीकडच्या पांघरुणातून उत्तर आले, "पाच मिनिटं थांबा, दादी. व्होल्टेज स्थिर होऊ द्या."

अम्मी थांबल्या.